धाकटीची लुतरी पिल्लं

४ मार्च, गुरुवार

धाकटीने आज घरात घाण आणली. घाण म्हणजे कुत्र्याची तीन पिल्लं, पुठ्ठ्याच्या खोक्यात. मागच्या गल्लीत नाल्याच्या कडेला कुणीतरी टाकून दिली होती म्हणे. टाकणाऱ्याला अक्कल होती.

खोक्यात डोकावले आणि सकाळचा चहा घशाशी आला. अंगावर केस म्हणून नाहीत. राखाडी, सुरकुतलेली कातडी, तिच्यावर पिवळट खपल्या आणि खपल्यांच्या फटींतून झिरपणारं पाणी. कानांच्या कडा ओल धरलेल्या भिंतीच्या पोपड्यांसारख्या. आणि वास! ओलं पायपुसणं आठवडाभर घडी करून ठेवावं, तसा. तिघंही एकसारखी खाजवत होती. त्यातल्या एकाने खाजवता खाजवता स्वतःलाच पाडलं.

"लूत आहे ही," मी म्हणाले. "बाहेर ठेव. आत्ताच्या आत्ता."

"मागच्या मोरीत ठेवते, ताई. दार लावून घेईन."

"मोरीत आपण कपडे धुतो!"

"मी अंगणात धुईन. तुझेपण धुईन."

महिना झाला तिला माझ्याकडे येऊन. नवऱ्याशी काहीतरी बिनसलंय. "थोडे दिवस राहते" म्हणाली आणि राहिली. पानात वाढलं तर जेवते, नाही वाढलं तर तशीच बसते. या महिन्यात तिने माझ्याकडे साधी चादरसुद्धा मागितली नाही. आज पहिल्यांदा हट्ट धरला, म्हणून मी पुढे बोलले नाही. चूकच केली.

माझं काम पांढऱ्या कापडाचं. दवाखान्यांचे पांढरे कोट शिवते मी, पुढच्या खोलीत. एक केस चिकटला तरी माल परत येतो. हे तिला पक्कं ठाऊक आहे.

५ मार्च

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. मी जाणार नव्हते, पण एकटी गेली तर ही काहीही ऐकून येईल.

बाईंनी पात्याने एका पिल्लाची कातडी खरवडली, रक्त दिसेपर्यंत. ते खरवडलेलं तेलाच्या थेंबात कालवून काचेवर ठेवलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली सरकवलं. "बघायचंय?" म्हणाल्या. मी नको म्हटलं आणि बघितलंच. गोल पोट, आखूड पाय, आणि ते हलत होतं! तेलात निवांत पाय हलवत होतं, बागेत पडल्यासारखं. मादी कातडीत बोगदा खणते आणि त्यात अंडी घालत पुढे जाते, असं बाई मजेत सांगत होत्या. माझ्या डोक्यापासून टाचेपर्यंत खाज सुटली.

औषधं अशी: मानेवर, दोन खांद्यांच्या मध्ये, थेंब सोडायचे, म्हणजे तिथे जीभ पोचत नाही. महिन्याने पुन्हा. दर आठवड्याला गंधकाच्या पाण्याने अंग भिजवायचं. पू झालाय म्हणून पोटात एक पातळ औषध, दोन वेळा.

मी म्हटलं, "आमच्या शेजारचा गॅरेजवाला म्हणतो, गाडीचं जळकं ऑइल लावा, चार दिवसांत उतरते."

"पिल्लं ते चाटतात आणि मरतात," बाई म्हणाल्या. "गुरांचं इंजेक्शन कुणी आणून दिलं तर तेही टोचू नका. एवढ्याशा जिवाला थेंबभर जास्त झालं तरी संपलं."

धाकटी सगळं तोंडपाठ केल्यासारखं ऐकत होती. शाळेत एवढं लक्ष दिलं असतं तर!

निघताना बाई म्हणाल्या, "हा आजार माणसालाही लागतो बरं का. हातमोजे घाला." ही गोष्ट त्यांनी सगळ्यांत शेवटी सांगितली.

७ मार्च

गंधकाचं पाणी. सडक्या अंड्यांची गोणी फोडली तरी एवढी दुर्गंधी सुटणार नाही. पुढच्या खोलीत, दार लावून, नाकाला रुमाल बांधून बसले तरी तो वास माझ्या मागोमाग आला. पाणी पुसायचं नाही, धुवायचं नाही, अंगावरच सुकू द्यायचं. तोवर पिल्लांनी चाटू नये म्हणून धाकटी दुपारभर अंगणात त्यांना मांडीवर घेऊन बसली होती. ओली, पिवळी, थरथरणारी ती लिबलिबीत अंगं मांडीवर! तिच्या चांदीच्या बांगड्या काळ्या पडल्या. मी ओरडले, तर म्हणाली, "पडू देत."

तिने नावंही ठेवलीत. एक बटाटा, कारण तो उकडून सोलल्यासारखा दिसतो. एक भुरी, तिच्या पाठीवर चार भुरे केस उरलेत म्हणून. तिसरं सगळ्यांत मरतुकडं, त्याला अजून नाव नाही. "त्याला आधी बरं होऊ दे," म्हणाली.

एवढ्या उकाड्यात मनगटापर्यंत बाह्या असलेला झगा घालून बसते. म्हटलं, बाह्या तरी वर कर, पाण्यात बुडतायत. केल्या नाहीत.

९ मार्च

आज एक गंमत झाली. कापायची मोठी कात्री माझ्या हातून सुटली, फरशीवर खणकन आवाज झाला. धाकटी दारात उभी होती. तिने झटकन दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि भिंतीशी बसली. मला हसूच आलं. "अगं, कात्री पडलीय, आभाळ नाही!" तीही मग हसली. लहानपणापासून भित्री ती भित्रीच.

१० मार्च

नाव नसलेलं मेलं. सकाळी मोरीत ताठ पडलं होतं. बाकीची दोघं त्यालाच बिलगून झोपली होती. ते बघून मला शिसारी आली.

खरं लिहायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. एक कमी झालं. धाकटीने अंगणाच्या कोपऱ्यात खड्डा खणला आणि एवढी रडली की गॅरेजवाला भिंतीवरून डोकावून विचारायला लागला, घरात कोण गेलं. आई गेली तेव्हाही ती एवढी रडली नव्हती. मी पाठीवर हात ठेवायला गेले तर चटका बसल्यासारखी अंग चोरून दूर झाली. म्हणजे कुत्र्याचं पिल्लू जवळचं, आणि मी परकी!

१५ मार्च

व्हायचं तेच झालं. बारा कोटांचा गठ्ठा परत आला. एका खिशात भुरा केस सापडला. दवाखान्यातला माणूस चिमटीत धरून दाखवत होता. मी खाली बघत उभी राहिले. एवढ्या वर्षांत माझ्या कामात कुणी डागसुद्धा दाखवला नव्हता.

घरी येताना रस्त्यात मनगट खाजलं. पाहिलं तर बारीक लाल पुळ्या. बोटांच्या बेचक्यांत, कमरेला, सगळीकडे. आता तो गोल पोटाचा प्राणी माझ्या कातडीत पाय पसरून बसलाय, या विचाराने उलटी झाली. कढत पाण्याने अंग घासलं. साबण संपला, खाज नाही.

धाकटीचंही तसंच. मागे एकदा बाही सरकली तेव्हा कोपराजवळ गोल गोल डाग दिसले होते. तेव्हाच तिला लागण झाली असणार आणि तिने लपवलं. बेफिकीर मुलगी.

१६ मार्च

मेव्हण्यांना फोन केला. धाकटी पिल्लांना औषध पाजत होती, तेवढ्यात.

हा माणूस मला पहिल्यापासून आवडतो. माझ्यासारखा आहे. पाय धुतल्याशिवाय घरात पाऊल टाकत नाही. पाण्याचा पेला आधी उजेडात धरून बघतो. मी सगळं सांगितलं: पिल्लं, लूत, परत आलेले कोट. म्हटलं, "तुमचं काय भांडण झालंय ते तुम्ही दोघं बघा, पण तिला आता घरी न्या. माझ्याच्याने होत नाही."

"ताई, तुमचे उपकार झाले," म्हणाले. "मी रविवारी येतो. तिला अजून काही सांगू नका, उगाच कांगावा करेल."

किती समजूतदार! फोन ठेवल्यावर जरा मोकळं वाटलं.

१९ मार्च

धाकटी दोन-तीन दिवस एकदम शहाण्यासारखी वागतेय. स्वतःचे कपडे धुऊन, घडी घालून पिशवीत भरून ठेवलेत. खोली झाडली. मी काही सांगितलेलं नाही, पण तिलाच कंटाळा आला असावा.

आज मात्र मला जबरदस्तीने मोरीत नेलं. म्हणाली, "ताई, बघून ठेव. औषध पाजताना तोंड वर करायचं नाही, ठसका लागतो. गालाच्या कडेने सोडायचं. असं. आता तू कर."

"मी कशाला करू? तू आहेस ना?"

"एकदा कर ना."

केलं. बटाट्याच्या जिभेचा चिकट, गरम स्पर्श बोटाला झाला आणि अंगावर काटा आला. त्याच्या पोटावर आता करडी लव फुटलीय, तीही बघवत नाही. मग मानेवरचे थेंब पुन्हा कधी, गंधकाच्या औषधात किती पाणी घालायचं, भुरीचा डावा कान जास्त का बघायचा, सगळं दोनदा घोकून घेतलं माझ्याकडून. माझी कोटांची बटणं लावायची राहिली होती, मी चिडले. ती म्हणाली, "झालं, झालं. आता तुला येतं." आणि माझ्याकडे बघून हसली, ते हसू काही मला कळलं नाही.

२० मार्च

दुपारी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. माझं मनगट बघितलं. म्हणाले, कुत्र्यांची खरूज माणसात फार टिकत नाही, पण दोघींनाही खाजतंय तर मलम लावाच. आज झोपताना, मानेपासून पायापर्यंत, अंगाचा एक इंचही सोडायचा नाही. सकाळी धुऊन टाकायचं. आठवड्याने पुन्हा. धाकटीने फक्त बोटं दाखवली. बाही वर करा म्हटल्यावर उठून उभीच राहिली.

जेवण झाल्यावर मी म्हटलं, "पाठीवर आपला हात पोचत नाही. वळ, मी लावते."

"नको. माझं मी लावेन."

"एक इंच राहिला तर पुन्हा सगळं पहिल्यापासून. मला अजून कोट परत यायला नकोत. काढ झगा."

तिने आधी दाराची कडी लावली. मग पाठमोरी झाली आणि काढला.

मी पाहिलं. आज लिहवत नाही.

२१ मार्च, रविवार

काल पाहिलं ते लिहायलाच हवं. तिच्या पाठीवर गोल डाग होते, कोपराजवळ होते तसेच. जुने पांढरे, काही अजून तांबूस. सिगारेटच्या टोकाएवढे. ओळीत होते, म्हणजे कुणीतरी सावकाश, जागा बघून दिलेले. खाली कमरेवर पट्ट्याच्या कडेचा वळ. लूत अशी ओळीने येत नाही.

मी विचारलं, "कोणी?" तिने फक्त झगा छातीशी आवळला. मीही पुन्हा विचारलं नाही. मलम लावलं, न्हाणीघरात गेले आणि जेवलेलं सगळं ओकले.

सकाळी उठल्या उठल्या मेव्हण्यांना फोन लावला. येऊ नका म्हटलं. "मी वाटेत आहे, ताई," म्हणाला, आणि फोन ठेवला.

आला तेव्हा धाकटी अंगणात होती. गंधकाच्या पाण्याचा दिवस. भुरी बादलीत, बटाटा ओला होऊन तिच्या पायाशी. तो पांढऱ्या शुभ्र सदऱ्यात, केस चापून बसवलेले, हातात फळांची पिशवी. नाकाला रुमाल लावला. खुर्ची रुमालाने पुसली आणि मग बसला.

"चल," तिला म्हणाला, अगदी हळू आवाजात. "आवरून घे."

आणि ती उठली. मला सगळ्यांत भयंकर वाटलं ते हे. पिल्लू खाली ठेवून, झग्याला हात पुसत, मान खाली घालून ती उठली, जशी काही आगगाडी आली आणि चढायचंच आहे.

"ती येणार नाही," मी म्हणाले.

"ताई, तुम्हीच तर बोलावलंत."

"हो. आता मीच सांगतेय, जा."

तो माझ्याकडे बघून हसला, लहान मुलाकडे बघून हसतात तसा. मग तिच्याकडे गेला आणि तिचं मनगट धरलं. तिच्या हातावरून ते पिवळं पाणी निथळत होतं, खपल्यांचे तुकडे चिकटले होते. त्याने घट्ट धरलं, ते सगळं त्याच्या बोटांत आलं, बाहीत शिरलं.

"शी!" ओरडून त्याने हात झटकला.

"लागण होते त्याने," मी म्हणाले. "आम्हा दोघींना झालीय. कातडीत घर करतात किडे."

तो धावत अंगणातल्या नळाशी गेला. साबण घेतला आणि हात धुवायला लागला. मी बघत राहिले. आधी तळवे, मग बोटांच्या बेचक्या, मग एकेक नख, मग मनगट, पुन्हा पहिल्यापासून. किती निगुतीने! घाई नाही, राग नाही. आणि माझ्या मनात आलं की प्रत्येक वेळी, ते करून झाल्यावर, हा असाच हात धुवायला उठत असेल. एवढ्या लुती, एवढा पू बघितला या महिन्यात, पण त्या स्वच्छ हातांइतकं ओंगळ मी काही पाहिलेलं नाही.

तो पाठमोरा होता. बहुधा म्हणूनच तिला जमलं.

"मी येत नाही," धाकटी म्हणाली. आवाज फाटका होता, पण मोठा होता. "आजही नाही, कधीच नाही."

त्याने नळ बंद केला. ओले हात अंगापासून लांब धरून माझ्याकडे वळला. "टॉवेल द्या. स्वच्छ असेल तर."

"नाही देत," मी म्हणाले.

भिंतीवर गॅरेजवाल्याचं डोकं आलं होतं. "ताई, येऊ का पलीकडे?" त्याने विचारलं. कोपराएवढा लांब पाना हातात होता त्याच्या. मेव्हणा त्याच्याकडे बघून, माझ्याकडे बघून, ओल्या हातांनी निघून गेला. फळांची पिशवी खुर्चीवर राहिली. ती मी भिंतीवरून गॅरेजवाल्याला दिली. त्यातलं काही आमच्या घरात शिजणार नाही, कापलं जाणार नाही.

धाकटी पुन्हा खाली बसली. भुरीला पुन्हा मांडीवर घेतलं. "भुरीचा कान राहिलाय," म्हणाली.

२४ मार्च

त्वचेच्या डॉक्टरांनी तिच्या पाठीवरचं सगळं कागदावर लिहून दिलं. तो कागद घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. बाकड्यावर अर्धा दिवस गेला. तिथल्या साहेबांनी "नवरा-बायकोत होतं असं" म्हणून सुरुवात केली. मी म्हटलं, "तुमच्यात होतं का?" मग त्यांनी लिहून घेतलं. पुढे काय होईल सांगता येत नाही. त्याचे फोन येतात, आम्ही उचलत नाही.

कोटांचं काम अर्धं गेलं. दवाखान्याने दुसरी शिवणारी बघितली.

२७ मार्च

डॉक्टरीणबाईंनी पिल्लांना पुन्हा खरवडलं. बटाट्याच्या काचेवर काही हललं नाही. भुरीच्या कानात अजून एक-दोन शिल्लक आहेत. औषध चालू ठेवायचं. बटाट्याला केस येतायत, पण ठिगळाठिगळाने. आता तो पूर्वीपेक्षा जास्त विचित्र दिसतो. मला अजूनही त्याला हात लावला की हात धुवावासा वाटतो, आणि मी धुते.

आज आमचं मलम दुसऱ्यांदा लावायचा दिवस. दिवेलागणीला ती न सांगता पाठमोरी बसली. मी लावत होते. समोरासमोर असतो तर बोलता आलं नसतं.

"त्याला फोन मी केला होता," मी म्हणाले.

"माहीत आहे. त्याने मला लगेच कळवलं. म्हणाला, तुझ्या ताईलासुद्धा तू नकोशी झालीस."

माझा हात थांबला. म्हणजे ती कपड्यांची घडी, ती झाडलेली खोली, मला मोरीत नेऊन शिकवलेलं औषध. ती जायची तयारी करत होती. पिल्लं माझ्या गळ्यात पडणार म्हणून मला शिकवून जात होती, आणि मी तिच्यावर चिडले होते.

"आणि तू गप्प राहिलीस?"

"मला खरं वाटलं ते."

"पण आधी का नाही सांगितलंस? दीड महिना इथे होतीस, एका छताखाली."

तिने मांडीवरचा झगा सारखा केला. मग म्हणाली, "तुला सगळ्याची किळस येते ना गं, ताई. वाटलं, हे बघितलंस तर माझीही येईल."

मी मलम लावत राहिले. ते डाग बोटांना लागतात, बारीक खड्ड्यांसारखे.

"पिल्लांची अजून येते," मी म्हणाले. "त्याची जन्मभर येईल."

"आणि माझी?"

"हलू नकोस. मलम सारखं लागत नाही."

काय ही जीभ माझी! एवढंच बोलले. ती उठली, झगा घातला आणि पिल्लांकडे गेली. याहून बरं उत्तर द्यायला हवं होतं. आता हे लिहिताना ते नीट सुचतंय, आणि ती तिथे अंगणात बटाट्याशी काहीतरी बोलत बसलीय. वही मिटते. जाऊन तिला सांगून येते.